उन्हाळी लेखन शिबिर: फी किती आणि ती जाते कुठे?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इथल्या चौकांत उन्हाळी शिबिरांचे फ्लेक्स लागू लागतात. पोहणे, कराटे, अबॅकस, चित्रकला, 'व्यक्तिमत्त्व विकास'. या गर्दीत एक साधा प्रकार आहे: महाविद्यालयात शिकणाऱ्या चारपाच मुलामुलींनी आठवी ते अकरावीतल्या मुलांसाठी चालवलेले लेखन शिबिर. कथा, कविता, अनुभव लिहायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे आणि शेवटच्या दिवशी एक हस्तलिखित किंवा छोटी पुस्तिका काढायची. अशा शिबिराला ठरलेला सरकारी दर नाही, नियमावलीही नाही. त्यामुळे पालकांना पहिला प्रश्न पडतो तो पैशाचा. दोनशे रुपये मागणारे शिबिर बरे की दोन हजारांचे?

आधी उत्तर सांगतो, हिशेब नंतर. दहा दिवस, रोज अडीच तास, वीस मुले आणि चार विद्यार्थी-मार्गदर्शक असे शिबिर नीट चालवायला मुलामागे साधारण सातशे ते आठशे रुपये लागतात. मार्गदर्शकांना थोडे मानधन दिले तर बाराशे ते चौदाशे. कोणी याहून बरेच कमी घेत असेल तर उरलेला भार दुसरे कोणीतरी उचलत आहे. तो कोण हे विचारावे. कोणी याच्या दुप्पट घेत असेल तर वरचा पैसा कशावर जातो हे विचारावे. दोन्ही वेळी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच: माझ्या मुलाची वही कोण वाचणार आणि किती वेळा?

विद्यार्थी-मार्गदर्शकाकडून काय मिळते

पंधरा वर्षांची मुलगी घरातले भांडण, मैत्रिणीचा अबोला किंवा दहावीची धास्ती याबद्दल सरांसमोर लिहीत नाही. एकोणीस वर्षांच्या ताईसमोर लिहिते. वयातले हे जवळचे अंतर हेच या शिबिराचे खरे भांडवल आहे. ताई-दादांनी तीच शाळा, तीच निबंधवही, तीच बोर्डाची परीक्षा नुकतीच पार केलेली असते.

मर्यादाही आहेत. साहित्याचा खोल अभ्यास, छंदशास्त्र, संपादनाचा अनुभव यांची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. त्यासाठी एखाद्या दिवशी जाणत्या लेखकाला बोलावता येते. जिल्ह्यात माणसे शोधायला फार लांब जावे लागत नाही. यवतमाळने १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले आहे. वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयात राम शेवाळकर प्राचार्य होते. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या शाखा या भागात आहेत. तालुक्याच्या वाचनालयात चौकशी केली की लिहिता हात असलेला एखादा शिक्षक, प्राध्यापक किंवा कवी सापडतोच.

म्हणून तारांकित पाहुण्याच्या नावावर फी वाढवणाऱ्या शिबिराकडे सावधपणे पाहा. पाहुणा एक तास येतो. बाकीचे चोवीस तास मुलांबरोबर कोण असते, ते विचारा.

खर्चाचा कच्चा हिशेब

पुढचे आकडे अंदाजी आहेत. झेरॉक्सचा, नाश्त्याचा, कूलरच्या भाड्याचा दर यवतमाळ शहरात एक, घाटंजीत दुसरा आणि झरी जामणीत तिसरा असू शकतो. तुमच्या गावच्या दुकानात विचारून रकमा बदला. बेरीज करण्याची रीत हीच ठेवा.

वीस मुले, चार मार्गदर्शक, दहा दिवस, सकाळी साडेसात ते दहा:

• जागा: शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाचे सभागृह, भाडे नाही, पण वीज आणि साफसफाईपोटी – १,००० रुपये
• कूलरचे भाडे – १,५०० रुपये
• पिण्याच्या पाण्याचे जार, रोज दोन, ३० रुपये दराने – ६०० रुपये
• वह्या आणि पेन, मुलामागे ६० रुपये – १,२०० रुपये
• वाचनासाठी झेरॉक्स, मुलामागे ३० पाने, दीड रुपया दराने – ९०० रुपये
• नाश्ता, २४ जणांना रोज १५ रुपये – ३,६०० रुपये
• चार्ट पेपर, स्केच पेन, चिकटपट्टी वगैरे – ४०० रुपये
• पाहुण्या लेखकाचा प्रवास आणि मानधन – १,५०० रुपये
• शेवटची पुस्तिका, ३० प्रती, प्रतीमागे ४० रुपये – १,२०० रुपये
• मार्गदर्शकांचा जाण्यायेण्याचा खर्च, चौघांना रोज ४० रुपये – १,६०० रुपये
• प्रथमोपचार पेटी, ओआरएस – ३०० रुपये
• अडीअडचणीसाठी राखीव – ७०० रुपये

एकूण १४,५०० रुपये. वीस मुलांत वाटले की मुलामागे ७२५ रुपये. पंचवीस तासांचे शिबिर म्हणजे तासाला २९ रुपये.

यात चौघा मार्गदर्शकांना प्रत्येकी २,५०० रुपये मानधन धरले तर एकूण २४,५०० होतात आणि मुलामागे १,२२५ रुपये, म्हणजे तासाला ४९. दोन गरजू मुलांना फी माफ करायची ठरवली तर उरलेल्या अठरा मुलांवर १,३६१ रुपयांचा भार येतो. फीमाफीची पद्धत असलेले शिबिर थोडे महाग वाटले तर त्याचे कारण हेही असू शकते. ते विचारून घ्या आणि पटले तर आनंदाने द्या.

या यादीतली सर्वांत मोठी रक्कम नाश्त्याची आहे. पोहे, उपमा किंवा भिजवलेली मटकी आळीपाळीने पालकांनी पाठवली तर मुलामागे १८० रुपये वाचतात. नाश्ता मात्र टाळू नका. सकाळी सातला घरून निघालेले मूल दहापर्यंत उपाशीपोटी लिहीत नाही.

फीचे टप्पे आणि त्यांचा अर्थ

मोफत किंवा दोनशे रुपयांपर्यंत: बहुधा महाविद्यालय, वाचनालय किंवा सामाजिक संस्था खर्च उचलते. जगातही हीच रीत आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथे २००२ साली सुरू झालेले '८२६ व्हॅलेन्शिया' हे मुलांचे लेखन केंद्र मुलांकडून पैसे घेत नाही. स्वयंसेवक शिकवतात आणि देणग्यांवर, शिवाय केंद्राच्या दर्शनी भागातल्या दुकानाच्या कमाईवर गाडा चालतो. मोफत शिबिरात जाहिरातीसाठी मुलांचे फोटो, भाषणे, नेत्यांच्या भेटी यांतच अर्धा वेळ जात नाही ना, एवढे पाहा.

पाचशे ते नऊशे: खर्चापुरती फी घेणारे शिबिर. वरचा हिशेब याच टप्प्यात बसतो.

एक हजार ते पंधराशे: मार्गदर्शकांना मानधन मिळते. ज्याने उन्हाळ्यातले दहा दिवस तुमच्या मुलाला दिले त्याला काही मिळावे, यात वावगे नाही.

अडीच हजारांच्या पुढे: लेखी तपशील मागा. टी-शर्ट, बॅग, ट्रॉफी, हॉटेलचे सभागृह, फ्लेक्सवरचे मोठे नाव यांची किंमत त्यात मिसळलेली असते. यांतल्या कशानेही लेखन सुधारत नाही. फीवर जीएसटी लावल्याचे सांगितले तर बिलावर जीएसटी क्रमांक पाहा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. चार विद्यार्थ्यांच्या दहा दिवसांच्या शिबिराने अठरा टक्के वेगळे मागितले तर ते सरळ नाकारा.

घरचा खर्च: एसटीचे तिकीट

खेड्यातल्या पालकांसाठी फीपेक्षा प्रवास महाग पडतो. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे. ती मुलींनाही लागू होते. मुलांना बारा वर्षांपुढे पूर्ण तिकीट पडते. शाळेचा सवलतीचा पास शाळेसाठी असतो, सुट्टीतल्या शिबिरासाठी त्यावर विसंबू नका.

समजा एका बाजूचे पूर्ण तिकीट ४० रुपये आहे. दहा दिवसांत मुलाचे ८०० रुपये होतात आणि मुलीचे ४००. म्हणजे ७२५ रुपये फीच्या शिबिरासाठी मुलाच्या घरून १,५२५ रुपये जातात.

हाच हिशेब उलटा करून पाहा. एकाच गावातली दहा मुले आणि दहा मुली रोज तालुक्याला आली तर दिवसाचे १,२०० आणि दहा दिवसांचे १२,००० रुपये तिकिटांत जातात. त्याऐवजी दोन दादा आणि दोन ताया गावात गेल्या तर दिवसाचे २४० आणि दहा दिवसांचे २,४०० रुपये होतात. गावातल्या पंधरा-वीस मुलांची इच्छा असेल तर पालकांनी एकत्र येऊन शिबिरच गावात बोलावणे सर्वांत स्वस्त. जिल्हा परिषद शाळेची खोली हवी असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोलून घ्या.

पोडावरच्या आणि तांड्यावरच्या मुलांसाठी तर हाच मार्ग आहे. आश्रमशाळेची मुले सुट्टीत घरी परततात आणि मे महिन्यात अनेक घरांत तेंदूपत्त्याचे काम सुरू असते. सकाळी जंगलात गेलेले मूल साडेसातला वर्गात येणार नाही. तिथे शिबिर संध्याकाळी पाच ते सात ठेवावे. शहरातले वेळापत्रक जसेच्या तसे नेले तर मुलाची मजुरी बुडते, आणि ती रक्कम फीपेक्षा मोठी असू शकते.

तारखा ठरवताना

यवतमाळात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात जातो. दुपारचे शिबिर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. सकाळी सात ते साडेदहाच्या आत संपणारे किंवा उन्हे उतरल्यावर सुरू होणारे निवडा. वर्गात पंखे चालतात का, वीज गेली तर काय सोय आहे, पिण्याचे पाणी पुरेसे आहे का, हे एकदा स्वतः जाऊन पाहा.

दुसरी अडचण मार्गदर्शकांची. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा मे महिन्यात, कधी त्यापुढेही चालतात. परीक्षा सुरू असलेला दादा तिसऱ्या दिवशी गायब होतो. नुकतीच बारावी झालेल्यांमागे मे महिन्यात 'नीट' आणि सीईटीचा ससेमिरा असतो. म्हणून फी भरण्याआधी विचारा: चौघांपैकी कोणाची परीक्षा मधे आहे आणि त्या दिवशी कोण उभे राहणार?

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. त्यामुळे जूनचा मधला आठवडाही हाताशी असतो. पाऊस वेळेवर आला तर शेतकरी घरांत पेरणीची धांदल सुरू होते, तेवढे लक्षात घ्यावे.

पैसे खरे कशाचे द्यायचे

लेखन शिबिरात खेळ, गप्पा, पाहुणे, सादरीकरण हे सगळे असते आणि असावेही. पण मुलाचे लेखन बदलते ते कोणीतरी त्याची वही शांतपणे वाचून, समासात दोन ओळी लिहून परत दिल्यावर.

एक नमुना पाहा. 'माझे घर' या विषयावर नववीतला मुलगा लिहितो, 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. माझे बाबा खूप कष्ट करतात.' शाळेच्या निबंधात याला गुण मिळतात. चांगला मार्गदर्शक त्याखाली 'छान' लिहून थांबत नाही. तो विचारतो: 'कापूस वेचायला तुमच्या घरून कोण कोण जातं? किलोमागे काय मिळतं? गाठोडं डोक्यावर कोण देतं? बाबा घरी आल्यावर पहिल्यांदा काय करतात?' दुसऱ्या दिवशी तोच मुलगा गाठोड्याच्या फडक्याला असलेल्या ठिगळाबद्दल लिहितो, जिनिंगच्या फाटकाबाहेर रात्रभर उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल लिहितो, बाबा चपला झटकून मगच ओसरीवर येतात हे लिहितो. पोशिंदा हा शब्द मग त्याला लागत नाही.

या कामाला वेळ किती लागतो, तेही मोजता येते. एका वहीला पंधरा मिनिटे धरली तर वीस वह्यांना पाच तास. चौघांत वाटले तर प्रत्येकी सव्वा तास. दहा दिवसांत तीन वेळा वह्या वाचायच्या तर एकूण पंधरा तास, आणि हे सगळे शिबिराच्या वेळेबाहेरचे. चाळीस मुलांना दोन मार्गदर्शक असतील तर हेच काम माणशी पंधरा तासांवर जाते आणि अर्थातच होत नाही. पाच मुलांमागे एक मार्गदर्शक हे प्रमाण उत्तम, सात-आठ चालेल, त्यापुढे ते शिबिर राहत नाही, वर्ग होतो.

म्हणून चौकशीला जाल तेव्हा गेल्या वर्षीची एखादी वही पाहायला मागा. अर्थात मुलाचे नाव झाकून आणि त्याच्या परवानगीने. समासात प्रश्न दिसले तर फी सार्थकी लागेल. फक्त बरोबरच्या खुणा आणि शाबासकीचे शिक्के दिसले तर पैसे शिक्क्यांचे पडतील. पहिल्याच वर्षीचे शिबिर असेल तर मार्गदर्शकाला तुमच्या मुलाचा एखादा जुना निबंध द्या आणि 'यावर काय सांगाल?' असे विचारा. दहा मिनिटांत कळते.

बोलीला जागा आहे का

हा मुद्दा फीचा नसला तरी मूल दुसऱ्या दिवशी शिबिराला येईल की नाही हे त्यावर ठरते. या जिल्ह्यात घराघरांत वऱ्हाडी बोलतात. त्यासोबत तांड्यांवर गोरमाटी, पोडांवर कोलामी, बऱ्याच गावांत गोंडी, दक्षिणेकडे तेलुगूची सरमिसळ. 'माही माय चारले उठते' असे लिहिणाऱ्या मुलीचे वाक्य पहिल्याच दिवशी लाल शाईने 'माझी आई चार वाजता उठते' असे सुधारले तर ती पुढचे नऊ दिवस पाठ्यपुस्तकातले लिहील. कथेतली माणसे बोलतात तशी लिहू द्यावीत आणि प्रमाण मराठी कुठे लागते तेही शिकवावे; दोन्ही जमते.

यवतमाळचे शंकर बडे वऱ्हाडीत लिहून आणि सादर करून महाराष्ट्रभर पोचले. २०१९च्या संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या, शेतकरी आत्महत्येची झळ सोसलेल्या वैशाली येडे यांनी केले. अनुभवातून आलेल्या बोलण्याला एवढा मान मिळालेल्या जिल्ह्यात मुलांना घरच्या बोलीची लाज वाटेल असे शिबिर पैसे देऊन कशाला घ्यायचे?

'पुस्तक छापून देऊ' म्हणणाऱ्यांबद्दल

फी फुगवण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे पुस्तक. 'तुमच्या मुलाची कविता आयएसबीएन असलेल्या संग्रहात' असे सांगून हजार-दोन हजार वेगळे घेतले जातात, वर पालकांनी दहा प्रती विकत घ्याव्यात अशी अट असते. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, भारतात आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्याचे पैसे कोणी मागत असेल तर तो कागदपत्रांच्या कष्टाचे मागतो आहे. शिवाय हा क्रमांक पुस्तकाच्या नोंदीसाठी असतो, दर्जाचा दाखला नव्हे.

दोन, लेखनाचा हक्क मुलाचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने मूळ लेखकच हक्काचा मालक असतो आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. शिबिराच्या अर्जात 'सर्व लेखनाचे हक्क आयोजकांकडे' अशी ओळ असेल तर ती खोडून 'फक्त या पुस्तिकेत छापण्याची परवानगी' असे लिहा आणि मगच सही करा.

तीन, आपल्याकडे शाळांमधून हस्तलिखित काढण्याची जुनी चाल आहे. मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून, चित्रे काढून, दोऱ्याने शिवलेले एकच हस्तलिखित वाचनालयात ठेवता येते. सर्वांना प्रत हवी असेल तर ए-फोर कागदाच्या घडीची बत्तीस पानी पुस्तिका आठ कागदांत बसते. दोन्ही बाजूंची झेरॉक्स, रंगीत मुखपृष्ठ आणि पिना धरून वरच्या दराने चाळीस रुपयांत होते. छापून यायची हौस असेल तर बालभारतीच्या 'किशोर'सारखी मासिके मुलांचे लेखन निवडून छापतात आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत.

वाचायला काय, तेही फुकट

झेरॉक्सचा खर्च आणखी कमी होतो. 'किशोर' १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर वाचायला मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत उतरवून घेता आणि छापता येतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असेल तर तिथली पुस्तके दहा दिवसांसाठी शिबिरात मांडता येतात. 'स्टडी मटेरियल'चे पाचशे रुपये वेगळे मागणाऱ्याला त्यात काय आहे ते विचाराच.

सुरक्षितता आणि पावती

अठरा वर्षांखालील मुले आहेत, म्हणून काही गोष्टींत तडजोड नको. शिबिराच्या जागी एक जबाबदार प्रौढ व्यक्ती, म्हणजे शिक्षक, ग्रंथपाल किंवा पालक, पूर्ण वेळ हजर असावी. मार्गदर्शकांत मुली असाव्यात. वही तपासणे, बोलणे हे सर्वांच्या नजरेसमोर व्हावे. मुलाला एकटे घरी बोलावणे, रात्री उशिरा खासगी संदेश पाठवणे हे चालणार नाही असे आधीच स्पष्ट करा. मुलाने वहीत काही गंभीर लिहिले, छळ किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार, तर मार्गदर्शक काय करणार हेही विचारा. 'आम्ही जबाबदार मोठ्यांना लगेच सांगू' हेच योग्य उत्तर. संकटातल्या मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ भिंतीवर लावलेला असावा. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे तर तुमची लेखी संमती हवी.

विद्यार्थ्यांच्या गटाचे बँक खाते नसते, पैसे कोणा एकाच्या यूपीआयवर जातात. त्यात गैर काही नाही, पण पावती घ्या: शिबिराचे नाव, तारखा, रक्कम, कोणी घेतले आणि शिबिर रद्द झाले तर किती दिवसांत परत. व्हॉट्सॲपवरचा एवढा मजकूर पुरतो. शक्यतो अर्धी फी आधी आणि अर्धी तिसऱ्या दिवशी द्या. खासगी आयोजकाने पैसे घेऊन शिबिर घेतलेच नाही तर आधी लेखी मागणी करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही.

शिबिर भरवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना

तुम्ही महाविद्यालयात शिकत असाल आणि आपल्या गावी असे शिबिर घ्यावेसे वाटत असेल, तर खर्च कमी करण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचे काम करायचे असते. कार्यक्रम अधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतलीत तर शिबिराचे आणि वह्या वाचण्याचे तास त्यात धरता येतील का, ते विचारा. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत, विभागप्रमुखांशी बोला. वाचनालयाला तुमच्यामुळे नवे बालवाचक मिळतात, म्हणून सभागृह मोफत मागायला संकोच करू नका. वह्या देणगीत मागा, कारण पुस्तकाच्या दुकानदाराला रोख रकमेपेक्षा दोन डझन वह्या देणे सोपे जाते.

हिशेब पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी फळ्यावर लिहा. उरलेले पैसे मुलांसमोर मोजून वाचनालयाला पुस्तकांसाठी द्या. पुढच्या वर्षी फी किती हे कोणी विचारणार नाही.

फी भरण्याआधीचे सात प्रश्न

१. किती मुलांमागे किती मार्गदर्शक? रोज तेच असणार का?
२. वही कोण वाचणार, किती वेळा, लेखी शेरा देणार का?
३. फीत काय धरले आहे आणि वेगळे काय द्यावे लागेल?
४. वेळ कोणती, पंखे-पाण्याची सोय काय?
५. जबाबदार प्रौढ कोण, त्यांचा फोन क्रमांक काय?
६. पुस्तिकेतल्या लेखनाचा हक्क कोणाचा?
७. रद्द झाल्यास पैसे परत कधी?

या सातांची सरळ उत्तरे देणाऱ्या शिबिराला हजार-बाराशे रुपये मागे-पुढे न पाहता द्या. दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मोफत असले तरी नाव नोंदवू नका. त्यापेक्षा दोनशे पानी वही आणा, वाचनालयाची वर्गणी भरा आणि शेजारच्या ताईला आठवड्यातून दोनदा ती वही वाचायला सांगा. चौकशी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच करा, कारण पाच मुलांमागे एक मार्गदर्शक ठेवणाऱ्या शिबिरात जागा वीसच असतात.